डावीकडची खुर्ची

सोबतबाईंना बसण्याचा पगार मिळायचा. हे त्या स्वतःच सांगून टाकायच्या, समोरच्याने हसायच्या आत. महिला मदत केंद्रात वकीलबाई कायदा सांगायच्या, संचालिकाबाई सगळ्या जगाशी भांडायच्या आणि सोबतबाई बसायच्या. कोर्टाच्या बाकावर, पोलीस चौकीतल्या डगमगत्या स्टुलावर, हॉस्पिटलच्या जिन्यात, शाळेच्या ऑफिसबाहेर. जिथे म्हणून एखाद्या बाईला एकटीने जायची छाती होत नसे, तिथे तिच्याबरोबर जायचं आणि काम उरकेपर्यंत शेजारी बसून राहायचं. अठरा वर्षं त्या हेच करत आल्या होत्या.

बसण्यात काय एवढं, असं ज्याला वाटतं त्याने एकदा बसून बघावं. सोबतबाईंचं त्याचं शास्त्र होतं. बाईच्या नेहमी डावीकडे बसायचं, कारण सह्या उजव्या हाताने करायच्या असतात आणि तो हात मोकळा लागतो. डावा हात मात्र थरथरायला लागला तर धरायला कुणीतरी हवं. पिशवीत पाण्याची बाटली, दोन धुतलेले रुमाल, खरोखर उठणारं पेन, सेफ्टी पिना आणि मऊ बिस्किटांचा पुडा. कुरकुरीत बिस्किटं चालत नाहीत, कारण कोर्टाच्या शांततेत बाईला स्वतःच्या दातांच्या आवाजाचीही लाज वाटते. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे काही विचारायचं नाही. पोलीस विचारतात, वकील विचारतात, डॉक्टर विचारतात, सासरचे तर विचारून विचारून जीव घेतात. निदान एक माणूस तरी न विचारणारं असावं. या नियमाचा सोबतबाईंना फार अभिमान होता. माणूस चुकतो तेही बहुधा अभिमानाच्याच जागी, पण ते पुढे येईलच.

दुसरा नियम त्यांनी ठेच लागल्यावर केला होता. नोकरीचं दुसरंच वर्ष होतं. बाजारात बटाटे निवडताना समोर एक बाई दिसली. तीन तारखांना सोबतबाई तिच्याशेजारी कोर्टात बसल्या होत्या. ती अशी उजेडात, हातात भाजीची पिशवी घेऊन उभी आहे हे बघून त्यांना इतका आनंद झाला की तोंडातून निघूनच गेलं, "अगं, कशी आहेस? हात बरा झाला का?"

बाईच्या मागे तिची नणंद उभी होती. "या कोण?" नणंदेने विचारलं. "आणि कसला हात?"

ती बाई पुन्हा केंद्रात आली नाही. पुढे तिच्या शेजारणीकडून जे कळलं ते सोबतबाईंनी कुणालाही सांगितलं नाही, नुसता कानाला खडा लावला. तेव्हापासून काम संपलं की निरोप घेताना प्रत्येकीला त्या एकच वाक्य सांगत. "आता बाहेर कुठे दिसलो तर ओळख दाखवायची नाही. मीही दाखवणार नाही. यात राग नाही, काळजी आहे."

बायका मान डोलवत आणि जात. मग त्या दिसतच राहत. बेकरीच्या रांगेत दिसत, बसमध्ये दिसत, बँकेच्या काचेपलीकडे दिसत. कुणी जाड झालेली, कुणी केस कापलेली, कुणाच्या कडेवर नवं मूल. सोबतबाई लगेच पावाकडे, तिकिटाकडे, छताकडे बघू लागत. चारशेच्या वर बायकांचे तळहात त्यांच्या तळहाताला ठाऊक होते आणि रस्त्यात त्यांना हाक मारणारं एकही माणूस नव्हतं. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. रविवारी तर कधी कधी दिवसभरात त्यांचा आवाज एकदाच फुटे, तोही दूध ओतू गेलं म्हणून.

त्या महिन्यात केंद्रात फॉर्म आला. ज्या परदेशी संस्थेच्या मदतीवर केंद्र चालायचं तिने आधीच भिंतीवर लावायला एक तक्ता पाठवला होता. सतरा रंगीत चौकोन, जगाची सतरा उद्दिष्टं. गरिबी नको, भूक नको, सगळ्यांना आरोग्य, शिक्षण, स्वच्छ पाणी, न्याय, असं करत करत शेवटचा चौकोन भागीदारीचा. तो कुणालाच नीट कळला नव्हता. चौदावा चौकोन पाण्याखालच्या जीवसृष्टीचा होता. वकीलबाई म्हणायच्या, "बाकी सगळे आले आपल्याकडे, मासे तेवढे अजून तक्रार घेऊन आलेले नाहीत."

संचालिकाबाईंना मात्र तो तक्ता आवडायचा. "हसू नका," त्या म्हणायच्या. "बाई उभी राहिली की पोरं शाळेत टिकतात, घरात अन्न टिकतं. जगाचं भलं वरून खाली येत नाही, आपल्या या टेबलावरून वर जातं." त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता, आणि तो नसता तर अठरा वर्षं कुणी गळक्या छताखाली काढली नसती.

फॉर्ममध्ये केंद्राच्या प्रत्येक कामापुढे तीन रकाने होते. हे काम कोणत्या उद्दिष्टात बसतं, काम संपून तीन महिने झाल्यानंतर किती बायकांशी संपर्क झाला, आणि काय बदललं ते थोडक्यात लिहा. कायदा सल्ला बसला, समुपदेशन बसलं, शिवणवर्गही बसला. 'सोबत' या शब्दापुढे तिन्ही रकाने कोरे राहिले.

"दहाच जणी शोधा," संचालिकाबाई चारच्या चहाला म्हणाल्या. त्यांचं टेबल सोबतबाईंच्या टेबलासमोरच होतं. "दहा जणींना फोन करा, एकेक वाक्य घ्या. गुरुवारी त्या संस्थेचे पाहुणे येतायत, शुक्रवारी फॉर्म जायचाय. नाहीतर ते म्हणणार, नुसतं बसण्याला आम्ही कशाला मदत करायची?"

"मी फोन करत नाही मागून. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना कोण सांगणार? त्यांना आकडा लागतो."

"मग शून्य लिहा."

संचालिकाबाईंनी कप खाली ठेवला आणि फॉर्म तसाच सोबतबाईंच्या टेबलावर सरकवला. सोबतबाईंपुढे जास्त विचारायचं नसतं हे केंद्रात सगळ्यांना पाठ होतं.

आणि गुरुवारी सोबतबाई तिथे असणारच नव्हत्या. दाढ काढायची आहे असं सांगून त्यांनी रजा टाकली होती. दाढ चांगली होती. पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि दोन आठवड्यांपूर्वी एका सकाळी न्हाणीघरात त्यांना पुन्हा रक्त दिसलं होतं. डॉक्टर तरुण होती, स्पष्ट बोलली. गर्भपिशवीतला तुकडा काढून तपासावा लागेल, दिवसाचंच काम आहे, पण भूल द्यायची म्हणजे सोबत कुणीतरी पाहिजे.

"सोबत तर मीच असते," सोबतबाई म्हणाल्या.

डॉक्टरला विनोद कळायचं काही कारण नव्हतं. "म्हणजे घरचं कुणीतरी," ती म्हणाली. "सोबत नसेल तर भूलवाले घेत नाहीत. पुढची तारीख मग सहा आठवड्यांनी. तेवढं थांबू नका."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी भावाला फोन लावला. भाऊ बाहेर होता. फोन वहिनीने घेतला, आणि वहिनी वाईट नव्हती, नुसती बोलकी होती. "अय्या ताई, किती दिवसांनी! गुरुवारी? गुरुवारी नेमकी आमची फरशी काढायला माणसं येतायत हो, घरात पाय ठेवायला जागा नाही. का, काही विशेष?"

"छे गं, सहज. सवड असेल तर या म्हटलं."

मग वहिनी वीस मिनिटं फरशीच्या रंगाबद्दल बोलली आणि सोबतबाईंनी मन लावून ऐकलं. खालच्या मजल्यावरचे म्हातारे घड्याळजी आले असते, पण त्यांच्या गुडघ्यांनाच सोबत लागायची. केंद्रात सांगितलं असतं तर संचालिकाबाईंनी पाहुण्यांना वाऱ्यावर सोडलं असतं, हेही त्यांना ठाऊक होतं. स्वतःला त्या हेच कारण देत होत्या. खरं कारण थोडं वेगळं होतं. त्या सोबत देणाऱ्यांपैकी होत्या. घेणाऱ्यांच्या बाकावर जाऊन बसायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं.

बुधवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी आपली वही उघडली. त्यात तारखा होत्या, जागा होत्या, फोन नंबर होते. एका नंबरावर बोट ठेवून त्या बराच वेळ बसल्या. फोनजवळ नणंद उभी असेल का, मूल झोपलेलं असेल का, असले विचार आले. मग त्यांनी वही मिटली, तो अपुरा फॉर्म उचलून आपल्या पिशवीत टाकला, आणि रुमाल, बाटली, बिस्किटं नीट आहेत ना ते पाहिलं. सवयीने त्यांनी स्वतःसाठीसुद्धा सोबतीचीच पिशवी भरली होती.

हॉस्पिटलमध्ये त्या पावणेआठलाच पोचल्या. दिवसाच्या रुग्णांसाठी वेगळी खोली होती. तीन तीन जोडलेल्या स्टीलच्या खुर्च्या, आणि काचेच्या भोकामागे एक कारकून. त्याने त्यांचे कागद पाहिले आणि शेवटच्या ओळीवर पेन टेकवलं. सोबत आलेल्याचं नाव, नातं, सही.

"सोबत कोण?"

"बहीण आहे. गाडी लावायला गेलीय."

बहीण नव्हती आणि गाडी तर नव्हतीच नव्हती. खोटं बोलायची सवय नसली की माणूस असं गाडीबिडीसकट बोलतो.

"बसा. नवाला नावं वर जातात. त्याच्या आत सही पाहिजे, नाहीतर मागे वीस जण थांबलेत."

त्या मधल्या खुर्चीवर बसल्या. मग लक्षात आलं की आपण सोबतीच्या नव्हे, पेशंटच्या जागी बसलोय, डावीकडची खुर्ची रिकामी ठेवून. तिच्यावर त्यांनी पिशवी ठेवली. ती फारच केविलवाणी दिसायला लागली म्हणून परत मांडीवर घेतली.

साडेआठच्या सुमारास कुरकुरणाऱ्या चाकाची एक ट्रॉली खोलीतून गेली. धुतलेल्या चादरींच्या थप्प्या, आणि मागे निळ्या कोटातली बाई. सोबतबाईंनी वर पाहिलं. सहा वर्षांपूर्वी, चार तारखा. तेव्हा अंगावर हिरवा स्वेटर असायचा, बाह्या ओढून ओढून लांब झालेल्या. घरी शेजारणीकडे ठेवलेली तीन वर्षांची मुलगी, आणि कोर्टात नाव पुकारलं गेल्यावर सोबतबाईंच्या हातात रुतलेली नखं. निळ्या कोटातल्या बाईनेही पाहिलं. आणि दोघींनी एकाच क्षणी, अगदी सराईतपणे, नजर बाजूला नेली. ट्रॉली कुरकुरत निघून गेली.

दहा मिनिटांनी ती परत आली, मळक्या चादरी घेऊन. या वेळी बाई थोडी हळू चालत होती. सोबतबाई भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र वाचत राहिल्या.

"आली का तुमची बहीण?" कारकुनाने काचेमागून विचारलं. "पंधरा मिनिटं राहिली. मग यादीतून काढावं लागेल, मावशी. माझा नियम नाहीये हा."

ज्याचा नियम असतो तोसुद्धा असंच म्हणतो, हे सोबतबाईंना त्या क्षणी कळलं. सहा आठवडे, आणि पुन्हा इथेच, पुन्हा अशाच एकट्या. त्या उठल्या आणि कुरकुर जिकडून ऐकू येत होती तिकडे भराभर चालू लागल्या.

"ऐक ना," त्यांनी लांबूनच हाक मारली.

ट्रॉली थांबली. बाई वळली नाही. "बाहेर ओळख दाखवायची नाही ना?" ती भिंतीकडे बघूनच म्हणाली.

"मीच सांगितलं होतं."

"मग?"

"मग आज मलाच सोबत पाहिजे."

तेव्हा ती वळली. तिने सोबतबाईंकडे पाहिलं, मनगटावरच्या कागदी पट्टीकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "कुणाबरोबर आलात?"

"कुणाबरोबर नाही."

तिला दया येईल असं सोबतबाईंना वाटलं होतं. तिला राग आला. "तीनदा दिसलात तुम्ही मला," ती म्हणाली. "दोनदा बाजारात. एकदा बसमध्ये, तेव्हा मुलगी होती बरोबर. शाळेत पळण्यात पहिली आली होती, पदक गळ्यात घालून मिरवत होती. तुम्हाला दाखवायची होती मला. तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात. पोर म्हणाली, आई, कुणाकडे बघतेस? मी म्हटलं, कुणाकडे नाही गं."

"तुझ्याबरोबर कोण असेल काय सांगता येतं? मागे एकदा माझ्यामुळे एकीला..."

"माझ्याबरोबर कोण असणार होतं?" तिचा आवाज चढला आणि तिनेच तो खाली आणला. "नवरा सुटला, सासर सुटलं, माहेर तर आधीच सुटलेलं. या अख्ख्या शहरात माझं म्हणावं असं एक ओळखीचं माणूस होतं, आणि त्याने खिडकीबाहेर बघायचं ठरवलेलं होतं."

अठरा वर्षं ज्याला त्या काळजी म्हणत होत्या, ती घेताना त्यांनी एकीलाही विचारलं नव्हतं की बाई, तुला ती हवी आहे का.

बाईने ट्रॉली भिंतीला लावली. चादरींच्या खोलीत डोकं घालून आतल्या कुणालातरी म्हणाली, "दुपारपर्यंत माझं बघ, संध्याकाळी तुझं मी करते." मग सोबतबाईंच्या पुढे चालत काचेपाशी गेली.

कारकुनाने तिच्याकडे पाहिलं. "ही बहीण? अगं, तू तर लाँड्रीतली."

"लाँड्रीतल्यांना बहिणी नसतात का?"

"आणि गाडी?"

तिने एकवार सोबतबाईंकडे पाहिलं. "लावली," ती म्हणाली, आणि पेन मागून घेतलं. हॉस्पिटलचं पेन उठेना. सोबतबाईंनी पिशवीतलं दिलं.

मग दोघी जाऊन बसल्या. बाई न सांगता डावीकडे बसली. हात मांडीवर ठेवले, नजर समोर ठेवली आणि गप्प राहिली. बरोबर तसंच, जसं सोबतबाई बसायच्या. एखाद्या परीक्षकाने पूर्ण गुण द्यावेत असं ते बसणं होतं.

मिनिटं गेली. सोबतबाईंना वाटलं होतं, आता बरं वाटेल. शेजारी माणूस होतं, ऊबही होती. पण ती शांतता बंद दारासारखी होती. पलीकडे कुणीतरी आहे हे कळत होतं आणि आपण अलीकडेच होतो. सांगायचं खूप होतं आणि कुणी विचारल्याशिवाय ते बाहेर पडणार नव्हतं. ही शांतता त्यांनी चारशे बायकांना दिली होती, भेट म्हणून.

"विचार ना काहीतरी," शेवटी त्या म्हणाल्या.

"काय विचारू? तुम्ही कुठे काय विचारायचात?"

"बरं वाटत नव्हतं का, कुणी विचारत नाही म्हणून?"

बाईने प्रामाणिकपणे विचार केला. "पहिल्या तारखेला वाटलं. दुसऱ्याही. चौथ्या तारखेला वाटलं, या बाईंना माझं ऐकायचंच नाहीये काही. पगारासाठी येतात, बसतात, जातात." मग ती म्हणाली, "पण हात धरला होतात. तेवढ्यावर निभावलं."

काचेमागून कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. त्यांचं नव्हतं.

"भीती वाटते का?" बाईने विचारलं.

"हो," सोबतबाई म्हणाल्या. आणि मग बांध फुटावा तसं सगळं आलं. न्हाणीघरातलं रक्त, ते पुसून टाकून आपण चहा केला आणि दोन कप ओतले, वहिनीची फरशी, रविवारी आपला आवाज फुटत नाही म्हणून भांड्यांशी बोलतो ते. मरायची भीती नाही, त्या म्हणाल्या, पण आजारी पडले तर दार उघडायला कोण येईल, याची फार वाटते. बोलता बोलता त्या रडायलाही लागल्या. पिशवीतला दुसरा रुमाल आज पहिल्यांदा त्यांच्याच कामी आला. बाई मधूनमधून विचारत राहिली, मग काय झालं, मग तुम्ही काय केलंत, आणि त्यांचा डावा हात तिच्या उजव्या हातात होता. साबणाने खरखरीत झालेला, गरम हात.

शुद्ध आली तेव्हा बाई तिथेच होती आणि मऊ बिस्किटांचा पुडा अर्धा संपला होता. "मला भूक लागली होती," ती म्हणाली. "रिपोर्ट कधी?"

"मंगळवारी दहाला."

"मंगळवारी मला नाही सुटता येणार. आजच कशीबशी बदली मिळाली. तुमच्या ऑफिसातल्या कुणाला घेऊन या."

"त्यांना माहीत नाही."

"का?"

साधा प्रश्न होता. सोबतबाई मनगटावरची कागदी पट्टी सोडवू लागल्या.

बाईने त्यांना टॅक्सीत बसवलं, पिशवी मांडीवर ठेवली. "पोचलात की फोन करा. आणि बाजारात दिसलात तर?"

"हाक मार."

"मुलगी मारेल. तिचा आवाज मोठा आहे, सांगून ठेवते."

घरी आल्यावर सोबतबाईंनी फोन केला. "पोचले," त्या म्हणाल्या. "बरं," पलीकडून आलं, मागे यंत्रांचा घरघराट होता, आणि फोन ठेवला गेला. खोली होती तशीच होती. पलंग, खिडकी, सकाळी धुवायचा राहिलेला एकच कप. एकटेपणा एका दिवसात जात नाही, तो काही दुखरी दाढ नव्हे. ओटीपोटात कळ येत होती. त्यांनी दोन उशा पाठीशी घेतल्या, पिशवीतून फॉर्म काढला आणि दिवस मावळेपर्यंत लिहीत बसल्या.

शुक्रवारी सकाळी त्यांनी तो संचालिकाबाईंच्या टेबलावर ठेवला. पाहुणे येऊन गेले होते. पाहुण्यांसाठी फुलदाणीत ठेवलेली फुलं अजून ताजी होती.

"दाढ कशी आहे?"

"आधी हे वाचा."

संचालिकाबाईंनी चष्मा चढवला. कोणतं उद्दिष्ट, हा रकाना कोराच होता. तीन महिन्यांनंतर किती बायकांशी संपर्क झाला, याच्यापुढे लिहिलं होतं, 'एक. तीन महिन्यांनी नव्हे, सहा वर्षांनी.' आणि काय बदललं, त्याच्याखाली सोबतबाईंच्या ठसठशीत अक्षरात होतं:

'ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते. मुलगी शाळेत पळण्यात पहिली येते. हे तिने केलं, आम्ही फक्त शेजारी बसलो होतो. आमचं चुकलं ते नंतर. आम्ही बाईला कोर्टापर्यंत सोबत दिली आणि बाजारात एकटीला सोडलं. ओळख दाखवू नका असं सगळ्यांना सांगितलं, कुणालाही विचारलं नाही. यापुढे प्रत्येकीला विचारू. जी नको म्हणेल तिच्याकडे बघणार नाही. जी हो म्हणेल तिला हाक मारू.'

संचालिकाबाईंनी ते दोनदा वाचलं. मग भिंतीवरच्या तक्त्याकडे मान वळवली. "काम, शिक्षण, न्याय, समानता," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "एका बाईत चार चौकोन भरलेत, आणि तुम्ही लिहिलंय आमचं चुकलं. हे वाचून ते मदत थांबवतील हो."

"थांबवतील कदाचित. दुसरं काही लिहिता आलं नाही."

"पण ही तुम्हाला भेटली कुठे?"

इथपर्यंत सगळं सोपं होतं. सोबतबाईंनी आपल्या टेबलाची कड धरली. "हॉस्पिटलमध्ये," त्या म्हणाल्या. "दाढ नव्हती. गर्भपिशवीतला तुकडा काढलाय तपासायला. मंगळवारी रिपोर्ट आहे. मला एकटीला जायचं नाहीये."

संचालिकाबाईंनी चष्मा काढला. "कुणाला नेलंत काल?"

"हिलाच. ट्रॉलीमागे पळत जाऊन."

"अठरा वर्षं मी तुमच्यासमोर बसून चहा पितेय," संचालिकाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग होता आणि राग नव्हताही. "काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच ना?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"तुम्हाला विचारलेलं आवडत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. सगळेच."

बाहेर वकीलबाई कुणाला तरी फोनवर पत्ता समजावत होत्या, आधी डावं वळण, मग उजवं. संचालिकाबाईंनी डायरी ओढली, मंगळवारच्या पानावरच्या दोन ओळी खोडल्या आणि तिथे 'दहा' लिहिलं. मग पेन तसंच हातात धरून त्या थोड्या घुटमळल्या. इतकी वर्षं केंद्र चालवूनही हे काम त्यांनी स्वतः कधी केलेलं नव्हतं.

"डावीकडे बसायचं, ते माहितीये मला," त्या म्हणाल्या. "पण बसल्यावर गप्प राहायचं की विचारायचं?"

"विचारायचं," सोबतबाई म्हणाल्या.